एसएपीमध्ये टेबल किंवा डेटा एलिमेंट ‘सापडत नाही’ तेव्हा: नव्यांसाठी क्रमवार तपास

एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं की लवकरच हा संदेश समोर येतो: अमुक डेटा एलिमेंट (फील्डचा अर्थ आणि लेबल ठरवणारी व्याख्या) अस्तित्वात नाही किंवा अ‍ॅक्टिव्ह नाही. कधी तो प्रोग्राम तपासताना येतो, कधी क्वालिटी, म्हणजे चाचणीच्या सिस्टिममध्ये रिक्वेस्ट (बदल पुढच्या सिस्टिमला नेणारं गाठोडं) लाल होते तेव्हा, तर कधी काल नीट चाललेला रिपोर्ट आज डम्प देतो, म्हणजे एरर देऊन मध्येच बंद पडतो, आणि डम्पमध्ये ‘टेबल अज्ञात आहे’ असं लिहिलेलं असतं. संदेश साधारण एकसारखेच दिसतात, पण कारणं अगदी वेगळी असतात. एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम बिघडतं, आणि टेबलाच्या बाबतीत बिघडतं म्हणजे डेटा जातो.

म्हणून आधी ‘कुठे नाही’ ते शोधायचं, ‘का नाही’ ते त्यानंतर. डिक्शनरी म्हणजे सिस्टिममधल्या टेबलांच्या आणि फील्डांच्या व्याख्यांचा संग्रह. तिच्यातली वस्तू एकाच ठिकाणी राहत नाही. वस्तूची नोंद ऑब्जेक्ट डिरेक्टरीत, म्हणजे टीएडीआयआर या टेबलात असते. तिची व्याख्या डिक्शनरीच्या स्वतःच्या टेबलांत असते: टेबलं आणि स्ट्रक्चर डीडी०२एलमध्ये, त्यांची फील्डं डीडी०३एलमध्ये, डेटा एलिमेंट डीडी०४एलमध्ये, डोमेन (फील्डचा डेटा प्रकार आणि लांबी) डीडी०१एलमध्ये. अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर त्या व्याख्येवरून रनटाइम ऑब्जेक्ट तयार होतो, त्याला नेमटॅब म्हणतात. चालणारा प्रोग्राम हा नेमटॅब वाचतो, डीडी०२एल नाही. आणि वस्तू खरं टेबल असेल तर शेवटी डेटाबेसमध्येही एक टेबल उभं राहतं. नकाशा मंजूर झालेला असतो, पण प्लॉटवर घर नसतं, असं इथेही होऊ शकतं. या चारपैकी कोणत्या जागी वस्तू नाही हे कळलं की निम्मं काम झालं.

(कोड आणि नावं इथे देवनागरीत आहेत, सिस्टिममध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

पायरी १: संदेश पूर्ण उतरवून घ्या

संदेश फक्त वाचू नका, कॉपी करा. संदेशाचा वर्ग आणि क्रमांक, सिस्टिमचं नाव, क्लायंट (एकाच सिस्टिममधला स्वतंत्र डेटाचा विभाग), ट्रान्झॅक्शन (पडदा उघडणारा कोड), वेळ आणि वस्तूचं नाव हे सगळं हवं. डम्प आला असेल तर एसटी२२ (डम्पची यादी) उघडा. रनटाइम एररचं नाव सगळ्यात वर असतं आणि तेच दिशा दाखवतं. ‘डीबीएसक्यूएल_टेबल_अननोन’ (जुन्या रिलीजमध्ये ‘डीबीआयएफ_आरएसक्यूएल_टेबल_अननोन’) दिसलं तर बहुतेक वेळा डेटाबेसकडे पाहायचं, थेट पायरी ६. ‘सिंटॅक्स_एरर’ दिसलं तर प्रोग्रामला व्याख्याच मिळालेली नाही, म्हणजे पायरी ३ आणि ४. ‘टाइपलोड_न्यू_व्हर्जन’ असेल तर बहुधा काहीच हरवलेलं नाही: प्रोग्राम चालू असताना कुणीतरी टाइप बदलून अ‍ॅक्टिव्हेट केलाय. ट्रान्झॅक्शनमधून बाहेर पडून पुन्हा आत या.

नाव तपासताना शून्य आणि ओ हे अक्षर, एक अंडरस्कोर की दोन, आणि नावाच्या सुरुवातीला तिरप्या रेघांमधली नेमस्पेस आहे का, एवढं पाहा. क्षुल्लक वाटतं, पण ईमेलमधून आलेली नावं फार वेळा इथेच चुकलेली असतात.

पायरी २: जे शोधताय ते तुम्ही समजता तेच आहे का

या पायरीवर थांबायला हवं, कारण नवख्यांच्या ‘हरवलं’च्या तक्रारी मोठ्या संख्येने इथेच निकाली निघतात.

एक उदाहरण जवळून पाहू. व्हीए०१मध्ये विक्री ऑर्डर करताना मटेरियलच्या रकान्यावर कर्सर ठेवून एफ१ दाबलं आणि तांत्रिक माहिती उघडली, तर तिथे आरव्ही४५ए आणि एमएबीएनआर अशी नावं दिसतात. नवा माणूस एसई१६एनमध्ये, म्हणजे टेबलातला डेटा दाखवणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये जाऊन आरव्ही४५ए टाकतो, आणि डेटा काही दिसत नाही. मग सहकाऱ्याला निरोप जातो की आमच्या सिस्टिममध्ये हे टेबल नाहीये. प्रत्यक्षात आरव्ही४५ए हे स्ट्रक्चर आहे. पडद्यावरची माहिती प्रोग्राममध्ये धरून ठेवण्यापुरतं त्याचं काम, डेटाबेसमध्ये त्याच्या नावाने काही नसतं आणि नसायलाच हवं. ऑर्डर सेव्ह झाल्यावर मटेरियल व्हीबीएपी या टेबलात एमएटीएनआर फील्डमध्ये जातं. एमएम०१च्या पहिल्या पडद्यावरचं आरएमएमजी१ही तसंच.

स्ट्रक्चर आहे की टेबल, हे ओळखायला एसई११ या डिक्शनरीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये नाव टाकून डिस्प्ले करा, वर प्रकार लिहिलेला असतो. किंवा एसई१६एनमध्ये डीडी०२एल उघडून टीएबीक्लास फील्ड पाहा: ट्रान्सप म्हणजे डेटाबेसमध्ये असणारं टेबल, इंटटॅब म्हणजे स्ट्रक्चर, व्ह्यू म्हणजे व्ह्यू. खरं टेबल कोणतं ते कळत नसेल तर एसटी०५मध्ये एसक्यूएल ट्रेस चालू करा, त्या पडद्यावर एक नोंद सेव्ह करा, ट्रेस बंद करून यादी वाचा. कोणत्या टेबलांत लिहिलं गेलं ते तिथे दिसतं. ट्रेस बंद करायला विसरू नका.

जुन्या ईसीसी (एस/४हानाच्या आधीचं एसएपी) सिस्टिममध्ये आणखी दोन वर्ग भेटतात: पूल आणि क्लस्टर. बीएसईजी हे हिशेबातलं सगळ्यात ओळखीचं टेबल तिथे क्लस्टर प्रकारचं होतं आणि त्याचा डेटा डेटाबेसमध्ये आरएफबीएलजी नावाच्या टेबलात बसायचा. त्यामुळे डेटाबेसच्या साधनातून बीएसईजी शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही, आणि एसई१६मध्ये मात्र व्यवस्थित दिसायचं. काहीही बिघडलेलं नसायचं.

एस/४हाना २०१५मध्ये आलं आणि डेटा मॉडेल बरंच बदललं. ईसीसीवरून आलेल्या माणसाला हे सतत नडतं. बीएसआयएस, बीएसआयडी, बीएसआयके ही टेबलं होती, आता त्या नावांचे व्ह्यू आहेत आणि हिशेबाच्या ओळी एसीडीओसीएमध्ये आहेत. किंमतीच्या अटी केओएनव्हीमधून पीआरसीडी_एलिमेंट्समध्ये गेल्या. मालाच्या हालचाली एमएटीडीओसीमध्ये लिहिल्या जातात. एमकेपीएफ आणि एमएसईजी ही नावं वाचायला अजून चालतात, पण आतून उत्तर दुसरीकडून येतं. व्हीबीयूके आणि व्हीबीयूपीमधली स्थितीची फील्डं व्हीबीएके, व्हीबीएपी अशा मूळ टेबलांत आली. तेव्हा जुन्या कस्टम प्रोग्राममध्ये ‘डेटा येत नाही’ असं दिसलं तर आधी हे तपासा. डिक्शनरी दुरुस्त करायची गरज नसते, प्रोग्राम बदलावा लागतो.

सीडीएस व्ह्यूचंही (कोड लिहून बनवलेला व्ह्यू) असंच. त्याचा सोर्स एक्लिप्समधल्या एडीटी या विकासाच्या साधनात लिहिला जातो. जुन्या पद्धतीच्या सीडीएस व्ह्यूला दोन नावं असतात: ३० अक्षरांपर्यंतचं एन्टिटीचं नाव आणि १६ अक्षरांपर्यंतचं एसक्यूएल व्ह्यूचं नाव. एसई११मध्ये दुसरं शोधावं लागतं. कोणत्या एन्टिटीचा कोणता एसक्यूएल व्ह्यू ते डीडीएलडिपेन्डन्सी टेबलात मिळतं. नव्या व्ह्यू एन्टिटीला एसक्यूएल व्ह्यू नसतोच, त्यामुळे एसई११मध्ये तो शोधण्यात वेळ घालवू नका, थेट एडीटी उघडा.

आणि सीआय_ने सुरू होणारी इन्क्लूड स्ट्रक्चरं. ईकेकेओ उघडलं की त्यात सीआय_ईकेकेओडीबी दिसतं, त्यावर दोनदा क्लिक केलं तर कित्येक सिस्टिमांत ते अस्तित्वात नाही असं उत्तर येतं. घाबरू नका. ग्राहकाने स्वतःची फील्डं टाकायची म्हणून एसएपीने ती जागा राखून ठेवली आहे, फील्डं टाकेपर्यंत ती वस्तू तयारच होत नाही. ही रचना मुद्दाम तशी आहे आणि टेबल त्यावाचून अ‍ॅक्टिव्ह राहतं.

शेवटी, रिकामं टेबल म्हणजे हरवलेलं टेबल नव्हे. डिक्शनरीतली व्याख्या सगळ्या क्लायंटांना सामाईक असते, डेटा मात्र बहुतेक टेबलांत क्लायंटनिहाय असतो, एमएएनडीटी या पहिल्या फील्डमुळे. क्लायंट १००मध्ये भरलेलं कस्टमायझिंग २००मध्ये दिसणार नाही. तसंच लेबलांच्या जागी तांत्रिक नाव दिसत असेल तर डेटा एलिमेंट शाबूत असून तुमच्या लॉगिन भाषेतला मजकूर डीडी०४टीमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ३: नोंद आहे का, आणि बघायचा अधिकार आहे का

आता एसई११. योग्य रेडिओ बटण निवडा: टेबल, व्ह्यू, डेटा टाइप, टाइप ग्रुप, डोमेन, सर्च हेल्प, लॉक ऑब्जेक्ट. डेटा एलिमेंट, स्ट्रक्चर आणि टेबल टाइप हे तिन्ही ‘डेटा टाइप’खाली येतात. डोमेनचं नाव डेटा टाइपच्या रकान्यात टाकून ‘नाही’ असं उत्तर मिळवणं अगदी सोपं आहे.

सापडलं नाही तर एसई१६एनमध्ये टीएडीआयआर उघडा. पीजीएमआयडी आर३टीआर, ऑब्जेक्टचा प्रकार (टेबल आणि स्ट्रक्चर दोन्हीसाठी टीएबीएल, डेटा एलिमेंटसाठी डीटीईएल, डोमेनसाठी डीओएमए, टेबल टाइपसाठी टीटीवायपी, सर्च हेल्पसाठी एसएचएलपी, सीडीएस सोर्ससाठी डीडीएलएस) आणि नाव भरा. नावाची खात्री नसेल तर प्रकार रिकामा ठेवून नावात तारांकन वापरा. नोंद मिळाली तर तीन गोष्टी वाचा: पॅकेज (वस्तूंचा गट) कोणतं, मूळ सिस्टिम कोणती, निर्माता कोण. पॅकेज $टीएमपी असेल तर तुमचं उत्तर जवळपास मिळालं: ही लोकल वस्तू आहे, ती ट्रान्सपोर्ट होतच नाही, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमला जात नाही.

टीएडीआयआरमध्येही नोंद नसेल आणि नाव झेड किंवा वायने सुरू होत नसेल (म्हणजे ग्राहकाने स्वतः बनवलेलं नसेल), तर वस्तू एखाद्या घटकाची असेल जो तुमच्या सिस्टिममध्ये बसवलेलाच नाही किंवा जुन्या पातळीवर आहे. मेन्यूतून सिस्टिम, स्टेटस, घटकांची माहिती उघडा, किंवा सीव्हीईआरएस टेबल पाहा. उद्योगविशिष्ट अ‍ॅड-ऑनची टेबलं साध्या सिस्टिममध्ये नसणं हे स्वाभाविक आहे. एसएपी नोट (एसएपीने दिलेली दुरुस्ती) लावताना ‘डेटा एलिमेंट नाही’ असा अडथळा आला, तर ती नोट पुन्हा पहिल्यापासून वाचा. बऱ्याच नोटांमध्ये कोड लावण्याआधी हाताने करायच्या पायऱ्या असतात: इथे डोमेन बनवा, तिथे फील्ड वाढवा, किंवा सोबतचा रिपोर्ट चालवा. त्या वगळून थेट एसनोटमध्ये नोट लावली तर कोड आधी येतो आणि ज्यावर तो उभा राहायचा ते मागेच राहतं.

अधिकाराचा मुद्दा पटकन. दुसऱ्याला दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही, असं असेल तर लगेच एसयू५३ (कोणता अधिकार कमी पडला ते दाखवणारं ट्रान्झॅक्शन) चालवा. व्याख्या बघायला एस_डेव्हलप लागतं, डेटा बघायला एस_टॅबू_डिस किंवा एस_टॅबू_नॅम. एसयू५३चा पडदा अधिकार सांभाळणाऱ्या टीमला पाठवा.

पायरी ४: व्याख्या आहे, पण अ‍ॅक्टिव्ह आहे का

एसई११मध्ये नावाशेजारी स्थिती लिहिलेली असते. नीट पाहायचं तर डीडी०२एलमध्ये एएस४लोकल हे फील्ड वाचा: ए म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, एन म्हणजे नवी किंवा बदललेली, अजून अ‍ॅक्टिव्ह न झालेली आवृत्ती. एकाच टेबलासाठी दोन ओळी असू शकतात.

फक्त एन ओळ असेल तर टेबल कुणीतरी बनवून सेव्ह केलं आणि तिथेच सोडलं. ए आणि एन दोन्ही असतील तर प्रकरण फसवं असतं: टेबल चालतंय, जुने प्रोग्राम चालतायत, पण नव्याने घातलेलं फील्ड प्रोग्रामला ‘अज्ञात’ वाटतं. एसई११मध्ये डोळ्यांसमोर ते फील्ड दिसत असतं, कारण तिथे बदललेली आवृत्ती उघडते. प्रोग्राम मात्र ए आवृत्तीवरून बनलेला नेमटॅब वाचतो. ‘फील्ड तर दिसतंय, मग एरर का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

अ‍ॅक्टिव्हेट दाबण्याआधी एएस४यूजर आणि एएस४डेट पाहा. बदल दुसऱ्याचा असेल आणि आजचा असेल, तर तो माणूस अजून काम करतोय. त्याला विचारा.

अ‍ॅक्टिव्हेशन फसलं तर लॉग वरून खाली वाचा आणि पहिल्या लाल ओळीवर थांबा. डोमेन, त्यावर डेटा एलिमेंट, त्यावर फील्ड, फील्डांचं टेबल, टेबलावर व्ह्यू: ही साखळी आहे. तळाचं एक डोमेन अ‍ॅक्टिव्ह नसेल तर वरचं सगळं कोसळतं आणि लॉगमध्ये लाल ओळींची रांग लागते. शेवटच्या ओळीपासून दुरुस्ती करू लागलात तर संध्याकाळ होईल. पिवळ्या ओळींपैकी ‘एन्हान्समेंट कॅटेगरी दिलेली नाही’ ही तर सतत दिसते. ती सूचना आहे, तिच्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशन थांबत नाही.

पायरी ५: डेव्हमध्ये आहे, क्वालिटीत नाही

कामात सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार हा: वस्तू डेव्हमध्ये, म्हणजे विकासाच्या सिस्टिममध्ये आहे, क्वालिटीत नाही. समजा तुम्ही झेडएसडी_रूट नावाचं टेबल बनवलं. त्यात झेडएसडी_रूट_आयडी हे डेटा एलिमेंट वापरलं, जे सहकाऱ्याने आधीच बनवलेलं होतं. तुमची रिक्वेस्ट रिलीज झाली, क्वालिटीत इम्पोर्ट झाली, आणि परतावा कोड आला ८.

एसई१०मध्ये रिक्वेस्ट निवडून ट्रान्सपोर्ट लॉग उघडा. प्रत्येक टप्प्यासमोर कोड असतो: ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे सूचना, ८ म्हणजे चूक, १२ किंवा त्याहून वर म्हणजे गंभीर, तिथे बेसिसला (सिस्टिम सांभाळणाऱ्या टीमला) बोलवायचं. ‘एबीएपी डिक्शनरी अ‍ॅक्टिव्हेशन’ या टप्प्यासमोर ८ दिसतोय. तो उलगडत खोल जा, सगळ्यात तपशीलवार पातळीपर्यंत. तिथे ओळ असते की झेडएसडी_रूटच्या अमुक फील्डसाठीचं डेटा एलिमेंट झेडएसडी_रूट_आयडी अ‍ॅक्टिव्ह नाही किंवा अस्तित्वात नाही. टेबलाची रिक्वेस्ट निर्दोष आहे. तिच्याबरोबर जे यायला हवं होतं ते आलेलं नाही.

आता डेव्हमध्ये एसई०३ उघडा आणि ‘रिक्वेस्टमध्ये ऑब्जेक्ट शोधा’ हे साधन चालवा. आर३टीआर, डीटीईएल, झेडएसडी_रूट_आयडी. उत्तराच्या तीन शक्यता:

ते सहकाऱ्याच्या अजून रिलीज न झालेल्या रिक्वेस्टमध्ये आहे. त्याला रिलीज करायला सांगा. त्या रिक्वेस्टमध्ये अर्धवट राहिलेलं दुसरं काम असेल तर त्याच्याशी बोलून ‘ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज’ प्रकारची रिक्वेस्ट बनवा, तिच्यात फक्त हे डेटा एलिमेंट आणि त्याचं डोमेन घ्या. ती क्वालिटीपुरती चालते. प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमला जाताना मूळ रिक्वेस्ट आधी गेलीच पाहिजे, हे कुठेतरी लिहून ठेवा.

ते कोणत्याच रिक्वेस्टमध्ये नाही. टीएडीआयआरमध्ये पाहिलं तर पॅकेज $टीएमपी. एसई११मध्ये ते उघडा, मेन्यूतून ऑब्जेक्ट डिरेक्टरी एन्ट्रीवर जा, खरं पॅकेज द्या. सिस्टिम रिक्वेस्ट विचारेल. डोमेनसाठीही हेच करा. डेटा एलिमेंट हलवून डोमेन $टीएमपीत विसरणं हा या दुरुस्तीतला नेहमीचा दुसरा अंक आहे.

ते रिलीज झालेल्या रिक्वेस्टमध्ये आहे, पण ती क्वालिटीत इम्पोर्टच झालेली नाही, किंवा तुमच्या नंतर झाली. एसटीएमएसमध्ये क्वालिटीची इम्पोर्ट रांग आणि इतिहास पाहा.

तिन्ही बाबतीत पुढचं सारखंच: गहाळ वस्तू आधी इम्पोर्ट करा, मग तुमची रिक्वेस्ट पुन्हा इम्पोर्ट करा. क्वालिटीत थेट हाताने डेटा एलिमेंट बनवून ‘तात्पुरतं’ भागवू नका. तिथे बदल उघडे असले तरीही नको. त्या वस्तूची मूळ सिस्टिम म्हणून क्वालिटीच नोंदली जाते आणि पुढे डेव्हमधून तीच वस्तू येताना दुरुस्तीचे वाद सुरू होतात.

आणखी एक सापळा रिक्वेस्टच्या आत असतो. ई०७१ टेबलात किंवा एसई१०मध्ये रिक्वेस्टमधल्या ओळी उघडून पाहा. तुमच्या टेबलासमोर आर३टीआर टीएबीयू लिहिलंय का? मग तुम्ही टेबलातल्या ओळी पाठवल्या आहेत, टेबल नाही. एसएम३०मध्ये नोंदी भरताना रिक्वेस्ट विचारली जाते, ती ही. व्याख्येसाठी आर३टीआर टीएबीएल हवं. तसंच एलआयएमयू टीएबीटी म्हणजे फक्त तांत्रिक सेटिंग्ज. व्याख्या एलआयएमयू टीएबीडीमध्ये असते.

पायरी ६: डिक्शनरीत आहे, डेटाबेसमध्ये नाही

इथे सावकाश जा. एसई११मध्ये टेबल उघडून युटिलिटीजच्या मेन्यूतून डेटाबेस ऑब्जेक्टची तपासणी चालवा. ही तपासणी काही बदलत नाही, फक्त सांगते: टेबल डेटाबेसमध्ये आहे का, फील्डं जुळतात का. संपूर्ण सिस्टिमसाठी डीबी०२ किंवा डीबीएकॉकपिटमध्ये गहाळ टेबलं आणि इंडेक्स यांची यादी मिळते. कुणी डेटाबेसमधून पाहून ‘टेबल नाही’ म्हणत असेल तर त्याने कोणत्या स्कीमात पाहिलं ते विचारा. एसएपीची टेबलं एसएपीहानाडीबी, एसएपीएबीएपी१, एसएपीएसआर३ अशा सिस्टिमनुसार ठरलेल्या स्कीमात असतात, दुसऱ्या युजरने लॉगिन केलं तर ती समोर येत नाहीत.

टेबल खरंच नसेल तर दुरुस्तीचं साधन एसई१४. तिथे ‘अ‍ॅक्टिव्हेट अँड अ‍ॅडजस्ट डेटाबेस’ बटण आहे आणि त्याच्याजवळ दोन पर्याय: सेव्ह डेटा आणि डिलीट डेटा. डिलीट डेटा निवडलं तर टेबल पाडून नव्याने रिकामं बांधलं जातं. बटण दाबण्याआधी दरवेळी हा पर्याय मोठ्याने वाचा, असं मी शिकाऊ माणसांना सांगतो, आणि अनुभवींनाही.

त्याहूनही आधी एक गोष्ट तपासायची. टेबलाची रचना बदलताना काही वेळा सिस्टिमला डेटाचं रूपांतर करावं लागतं, उदाहरणार्थ फील्डची लांबी कमी केली किंवा टेबलाची प्राथमिक की (प्रायमरी की) बदलली तर. त्यात जुन्या टेबलाचं नाव बदलून पुढे क्यूसीएम लावलं जातं, नवं टेबल बनतं, डेटा परत भरला जातो, आणि शेवटी क्यूसीएमचं टेबल काढून टाकलं जातं. हे मध्येच थांबलं, जागा संपली किंवा जॉब मारला गेला, तर मूळ नावाचं टेबल ‘गायब’ दिसतं आणि तुमचा सगळा डेटा क्यूसीएम लागलेल्या टेबलात सुरक्षित बसलेला असतो. एसई१४ अशा टेबलावर थांबलेलं रूपांतर आहे असं सांगतं. तिथून ते पुढे चालू करता येतं, पण आधी थांबण्याचं कारण एसएम२१ आणि रूपांतराच्या लॉगमध्ये शोधा आणि दूर करा. अशा वेळी नवं रिकामं टेबल बनवणं किंवा ‘फालतू दिसतंय’ म्हणून क्यूसीएमचं टेबल काढणं म्हणजे डेटा कायमचा घालवणं. प्रॉडक्शनमध्ये हे काम डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच, बॅकअपची खात्री करून करायचं.

पायरी ७: सगळीकडे आहे, तरी प्रोग्राम नाही म्हणतो

व्याख्या अ‍ॅक्टिव्ह, डेटाबेसमध्ये टेबल हजर, तरी एरर. मग एसई११च्या युटिलिटीजमधून रनटाइम ऑब्जेक्टची तपासणी चालवा. नेमटॅब आणि व्याख्या जुळत नसतील तर तिथे कळतं. टेबल पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केल्याने ते सहसा मार्गी लागतं.

तपासणी स्वच्छ आली आणि एरर काहींनाच येतेय, तर एसएम५१मध्ये पाहा की ते कोणत्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर आहेत. एकाच सर्व्हरवरच्या लोकांना त्रास होत असेल तर त्या सर्व्हरचा बफर (मेमरीत ठेवलेली प्रत) जुना राहिलाय. कमांडच्या रकान्यात /$एनएएम दिलं की नेमटॅबचा बफर रिकामा होतो, /$सिंकने सगळे. प्रॉडक्शनमध्ये कामाच्या वेळेत हे करू नका: बफर पुन्हा भरेपर्यंत सगळ्यांचं काम मंदावतं. बेसिसशी वेळ ठरवा.

कुणीतरी पुसलंच असेल तर

तेही होतं. सुटसुटीतपणासाठी कुणीतरी ‘न वापरलेली’ वस्तू काढतं आणि ती दुसरीकडे वापरात निघते. एसई११ वापर असेल तर अडवतं, पण नाव मजकुरात जोडून चालवलेल्या प्रोग्रामांचा वापर त्याला दिसत नाही.

पहिलं काम: पुसण्याची नोंद असलेली रिक्वेस्ट पुढे जाऊ न देणं. पुसणंही ट्रान्सपोर्ट होतं, आणि टेबलाचं पुसणं प्रॉडक्शनला पोहोचलं तर तिथला डेटा जातो. एसई०३ने ती रिक्वेस्ट शोधा, रिलीज झाली असेल तर एसटीएमएसच्या रांगेत तिचं काय करायचं ते बेसिसला आत्ताच सांगा, दुपारी नाही.

मग व्याख्या परत मिळवा. रिलीजच्या वेळी डेव्ह सिस्टिम आवृत्ती जपते, त्यामुळे व्हर्जन मॅनेजमेंटमध्ये पाहायचं ते डेव्हमध्ये. क्वालिटी आणि प्रॉडक्शनमध्ये इम्पोर्टच्या वेळी आवृत्त्या साठवायचं मुद्दाम चालू केलेलं नसेल तर तिथे इतिहास मिळत नाही. पण पुसणं तिथे अजून पोहोचलं नसेल तर खुद्द वस्तूच तिथे जिवंत आहे, आणि ‘ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज’ने ती डेव्हमध्ये परत आणता येते.

दुसऱ्याकडे सोपवताना

इतकं करूनही अडलं तर बेसिसकडे किंवा एसएपीच्या सपोर्टकडे जा. डिक्शनरीसाठीचा घटक बीसी-डीडब्ल्यूबी-डीआयसी आहे, तिकीट तिथे टाका. त्यात लिहा: वस्तूचं पूर्ण नाव आणि प्रकार, सिस्टिम आणि क्लायंट, संदेशाचा वर्ग व क्रमांक, टीएडीआयआरमधली ओळ, डीडी०२एल किंवा त्या प्रकाराच्या टेबलातल्या ए आणि एन ओळी, डेटाबेस आणि रनटाइम या दोन्ही तपासण्यांचा निकाल, रिक्वेस्ट क्रमांक, आणि अ‍ॅक्टिव्हेशन लॉगमधली पहिली लाल ओळ. शेवटचं कधी चालत होतं आणि त्यानंतर काय इम्पोर्ट झालं, हेही. आणि तुम्ही स्वतः काय दाबून पाहिलं ते न लपवता लिहा. एसई१४मध्ये काही केलं असेल तर वेळेसकट.